पंचविसावा गोळा

बेकरीत माझ्या हाताला मान आहे. मळलेल्या पिठाच्या ढिगातून मी पावाचा गोळा तोडते, तेव्हा तो कुणी काट्यावर ठेवून बघत नाही. नवीन माणूस कामाला लागला की भट्टीवाले काका त्याला माझ्या टेबलाशी आणून उभं करतात आणि म्हणतात, "हिच्या हातातच काटा आहे, बघून घे." पहाटे सुरू झालेला हात दुपारी थांबतो. मधे किती गोळे तोडले ते मला सांगता येत नाही, माझ्या खांद्याला विचारा.

घरी मात्र या हाताला काडीची किंमत नाही. घरी मला हुकूम आहे, "आई, तू खुर्चीवर बस. कशालाही हात लावू नकोस."

हुकूम सोडणारी माझी थोरली, बारा वर्षांची. धाकटी तिला ताई म्हणते, म्हणून आम्ही सगळेच ताई म्हणतो. धाकटी सहा वर्षांची. साखरेचा डबा कुठेही लपवा, ही बरोबर तिथे पोचते, म्हणून ती मुंगी. त्यांचे बाबा ट्रक चालवतात. आठवड्यातले दोन दिवस घरी असतात आणि त्यातला दीड दिवस झोपतात. मी काही बोलत नाही. झोपलेल्या माणसाचा मला फार हेवा वाटतो, इतकंच.

मी स्वतः शेवटची सलग झोपले ती गेल्या वर्षीच्या मोठ्या सुट्टीत. त्यानंतर ताई एकाएकी वाळायला लागली. सारखी पाणी पाणी करायची. शाळेतून आली की दप्तरासकट पलंगावर पडायची. मी म्हटलं, वाढीचं वय आहे, अंगाला लागत नसेल. मग एक दिवस तिला उठवेना. दवाखान्यात डॉक्टरांनी आम्हाला बसवून सांगितलं की तिच्या शरीरात इन्सुलिन तयार व्हायचं थांबलंय, आता ते बाहेरून टोचायचं, रोज, कायम. जेवणात पिठाचं आणि गोडाचं किती गेलं त्याचा हिशेब करायचा आणि तेवढंच औषध घ्यायचं. हिशेब एका बाजूला चुकला तर साखर चढते. दुसऱ्या बाजूला चुकला तर धाडकन उतरते, आणि माणूस बोलता बोलता घामाघूम होऊन खाली बसतो.

तेव्हापासून रात्री मी दोनदा उठते, तिच्या बोटाला टोचते, आकडा बघते आणि पुन्हा पडते. पडल्यावर कान उघडेच राहतात. पहाटे बेकरीत. दुपारी घरी. या सगळ्यात मी चिडकी झाले आहे हे मला माहीत आहे, कुणी सांगायला नको.

तर या वर्षी ताईच्या वर्गाचं शिबिर निघालं. तळ्याकाठी दोन मुक्काम. वर्गाच्या बाईंनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. म्हणाल्या, "शाळेच्या नर्सबाई सोबत आहेत. जेवणाचं त्या बघतील. मी पण सगळं शिकून घेतलंय. तिला पाठवा हो."

"बघते," म्हटलं. बघते म्हणजे नाही, हे त्यांनाही कळलं.

ताईला घरी येऊन मी सरळच सांगितलं. तिने आदळआपट केली नाही. ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं, मी ओरडून मोकळी झाले असते. ती फक्त म्हणाली, "आई, तिथे संध्याकाळी सगळे आपापला डबा उघडतात. वर्षभर मी सगळ्यांना एकच सांगतेय, नको, मला चालत नाही. मला एकदा माझा डबा उघडून 'घ्या' म्हणायचंय."

मी पळवाट काढली. म्हटलं, "बरं. मग बिस्किटं तू करायचीस. माझा हात लागणार नाही. एका बिस्किटात किती आहे ते तुला सांगता आलं पाहिजे, आणि सगळी सारखी झाली पाहिजेत. तसं जमलं तर जा." खरं सांगते, तिला जमणार नाही याची मला खात्री होती. सारख्या वजनाचे गोळे करायला मला स्वतःला दोन वर्षं लागली होती.

ताईने मात्र त्याच संध्याकाळी वजनकाटा टेबलावर आणून ठेवला. "शिकव."

काटा म्हणजे आमचा तो चपटा, काचेचा, दवाखान्यातून आलो तेव्हा घेतलेला. त्याला एक खोड आहे. थोडा वेळ काही केलं नाही की तो आपोआप बंद पडतो आणि मधला आकडा विसरतो. आमच्याकडे म्हणतात, काटा झोपला. माझ्या घरात तेवढा एकच जण मनात येईल तेव्हा झोपू शकतो.

पहिल्या दिवशी मी त्यांना वाटी दिली. म्हटलं, एकेक वाटी मैदा भरा. ताईने वाटी डब्यात खुपसून भरली आणि सुरीने वरून सारखी केली. मुंगीने चमच्या-चमच्याने भुरभुरत भरली. मग मुंगीने तीच वाटी टेबलावर दणादण आपटली, मैदा खाली बसला आणि वर आणखी दोन चमचे मावले. तिन्ही वेळा काट्यावर वेगळा आकडा आला. मुंगी डोळे विस्फारून म्हणाली, "आई, वाटी खोटं बोलते!"

"वाटी खोटं बोलत नाही, भरणारा गडबड करतो. म्हणून वाटी नको. सगळं काट्यावर."

मग भांडं काट्यावर ठेवायचं, शून्य करायचं, आणि त्यानंतरच आत काही घालायचं, हे शिकवलं. नाहीतर भांड्याचंही वजन धरलं जातं. शून्याचं बटण दाबायचा मान मुंगीला मिळाला. ती बटण दाबायची आणि मोठ्याने "शून्य!" म्हणून ओरडायची. दिवसभराच्या कामानंतर ते माझ्या डोक्यात जायचं. पण ताईने ठरवून टाकलं की मुंगी ओरडल्याशिवाय काही घालायचंच नाही, मग विसरायचा प्रश्नच नाही. हे मला सुचलं नव्हतं.

हिशेब आम्ही दोघींनी बसून केला. पाकिटावर लिहिलेलं असतं, शंभर ग्रॅममध्ये पिठाचं-गोडाचं किती ग्रॅम. मैदा दोनशे दहा ग्रॅम, साखर ऐंशी, बटर एकशे चाळीस, मीठ दोन. सगळं मिळून चारशे बत्तीस. त्याचे अठरा अठरा ग्रॅमचे चोवीस गोळे. म्हणजे एका बिस्किटात मोजायचे बरोबर दहा. "दहा लक्षात ठेवायला सोपं," ताई म्हणाली. "दोन खाल्ली तर वीस." तिच्या डोळ्यांसमोर तळ्याकाठी उघडलेला डबा होता, आणि माझ्या डोळ्यांसमोर ती घामाघूम होऊन खाली बसलेली.

पहिला घाणा माझ्यामुळे वाया गेला. ताई मळत होती, पीठ हाताला चिकटत होतं, बोटं वर करून ती माझ्याकडे बघायला लागली. मी शेजारीच उभी होते. माझा हात आपोआप मैद्याच्या डब्यात गेला आणि मूठभर मैदा पिठावर भुरभुरला. बेकरीत दिवसातून शंभरदा करते मी हे. पीठ चिकटलं की मूठभर मार, त्यात विचार करण्यासारखं काही नसतं.

"आई!" ताई किंचाळली. "ते मोजलं नाहीस!"

"अगं, थोडंसंच..."

"किती थोडंसं?"

मला सांगता येईना. जिच्या हातात काटा आहे, ती मी, स्वयंपाकघरात उभी राहून पोरीपुढे गप्प. आता भांड्यात चारशे बत्तीस नव्हते आणि बिस्किटात दहा नव्हते. ताईने हात धुतले, खुर्ची ओढून भिंतीला लावली आणि मला तिच्यावर बसवलं. हुकूम निघाला तो तेव्हा. मला राग आला होता. पण खुर्चीवर बसल्यावर पायांना इतकं बरं वाटलं की भांडायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या घाण्याला तिने पीठ मळायच्या आधीच हात थंड पाण्यात धरले. चिकटणं कमी झालं. गोळे मात्र तेवीसच भरले आणि वर छोटी सुपारीएवढी गोळी. मी खुर्चीवरून सांगितलं, "भांड्याला किती चिकटलंय बघ. चमच्याला किती, तुझ्या बोटांना किती. पीठ नेहमी कमी भरतं. खरवडून घे." तिने खरवडलं, आणि चोविसावा गोळा कसाबसा झाला. शेवटचा एक-दोन ग्रॅम हलका होता, तो तिने स्वतःच्या हिशेबातून काढून मुंगीला दिला.

शेवटचा घाणा रविवारी. सोमवारी सकाळी बाईंना हो की नाही ते कळवायचं होतं. मी दुपारी बेकरीतून आले. रविवारी पाव जास्त लागतो, त्यामुळे खांदा नुसता ठणकत होता. आल्या आल्या मुंगीला दूध दिलं. अलीकडे तीन दिवस ती म्हणायची, "साखर मी घालून घेते," आणि चमचा घेऊन डब्याकडे जायची. मला तेवढंच एक काम कमी. दूध पिताना मात्र तोंड वाकडं करायची. मी म्हटलं, साय आली असेल.

मी खुर्चीवर बसले. ताईने भांडं ठेवलं. मुंगी ओरडली, "शून्य!" मैदा झाला. "शून्य!" साखर झाली. फ्रिजमधून बटर काढायला ताई वळली, तेवढं मला आठवतं. त्यानंतर माझे डोळे मिटले.

"आई."

मी दचकून उठले. ताई समोर उभी होती. हात पिठाने माखलेले, चेहरा उतरलेला.

"आई, पंचवीस झाले."

टेबलावर ट्रेमध्ये गोळे मांडलेले होते. पाच रांगा, प्रत्येकीत पाच. बाजूला चिमूटभर पीठ उरलं होतं तेही तिने तसंच ठेवलं होतं.

मी झोपेत होते, पण पुढे जे वाटलं ते झोपेमुळे नाही. मला हायसं वाटलं. सुटले, असं वाटलं. अट तिला माहीत होती, अट मोडली होती, आता नाही म्हणायला मला तोंड होतं. ती माझ्या नजरेसमोर राहणार. मी आई आहे आणि पोरीचा चेहरा उतरलेला बघून मला हायसं वाटलं. लाज वाटत असूनही ते वाटायचं थांबलं नाही.

आणि मग माझ्या लक्षात आलं, हिने मला उठवलं कशाला? मी घोरत होते. एक गोळा तोंडात टाकला असता, नाहीतर बेसिनमध्ये टाकून नळ सोडला असता, तर चोवीस राहिले असते. मी उठून मोजले असते, चोवीस भरले असते, आणि ती तळ्यावर गेली असती. एका गोळ्याचा प्रश्न होता. तिला ते सुचलं नसेल असं नाही. ती बारा वर्षांची आहे, दोन नाही.

मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं, पण तोंडातून भलतंच निघालं. "असू दे ग. काटा मधेच झोपला असेल. एखाद्या गोळ्याने काही बिघडत नाही. डॉक्टर म्हणालेत ना, अर्धा-एक इकडे तिकडे चालतं."

"काटा झोपला नव्हता. आणि पीठ नेहमी कमी भरतं, तूच म्हणालीस. हे जास्त भरलंय."

"जास्त म्हणजे एवढंसंच."

"एवढंसं काय, आई? मैदा असला तर एक हिशेब, साखर असली तर दुसरा. काय जास्त पडलंय तेच माहीत नाही, मग ते एवढंसं आहे हे तुला कसं कळलं?"

मी इकडेतिकडे बघितलं, आणि तेव्हा कुठे जाणवलं की मुंगी गप्प आहे. कच्चं पीठ समोर असताना मुंगी गप्प असणं ही आमच्या घरातली मोठी बातमी आहे. ती टेबलाच्या पलीकडे उभी होती, दोन्ही हात पाठीमागे.

"मुंगे, हातात काय आहे?"

"काही नाही."

"दाखव."

तिच्या मुठीत खेळण्यातली वाटी होती. बाहुलीला जेवायला देते ती, निळी, प्लॅस्टिकची. वाटीच्या तळाला साखरेचे चार दाणे चिकटले होते.

ताईने ते बघितलं आणि ती इतकी ओरडली की शेजारी ऐकू गेलं असेल. "तू साखर टाकलीस? माझ्या बिस्किटात? तुला कळतं का मला काय झालं असतं? साखर चढली असती माझी तिथे! तुझ्यामुळे माझं जाणं गेलं!"

मुंगीने भोकाड पसरलं. रडता रडता तिचं काय चाललं होतं ते कळायला वेळ लागला. "डब्यातली नाही टाकली... माझीच होती... मी दुधात नाही घातली..."

"काय?"

"तू जाणार ना तिकडे... तिकडे सगळे खूप खूप गोड खाणार... आणि तुझं कमी गोड असणार. म्हणून माझी दिली. मी फिक्कं दूध प्यायले. तीन दिवस."

रोज एक चमचा. दुधात घालायची म्हणून काढून घेतलेली, बाहुलीच्या वाटीत साठवलेली. आमची मुंगी, जी साखरेच्या डब्यासाठी खुर्चीवर स्टूल चढवते, ती तीन दिवस फिक्कं दूध पीत होती आणि मी समोर बसून ते वाकडं तोंड बघत होते. साय असेल म्हणत होते. मला इतकं वाईट वाटलं की मी पुन्हा खुर्चीवर बसले.

ताईने बोटांना चिकटलेलं पीठ भांड्यात खरवडलं. नाक ओढलं, हात धुतले. मग तिने मुंगीच्या हातातून ती निळी वाटी घेतली, पुसली आणि काट्यावर ठेवली.

"शून्य कर."

मुंगीने हुंदका देत बटण दाबलं. "शून्य," पुटपुटली.

"किती भरली होतीस? काठापर्यंत?"

"वर डोंगर होता."

"एवढा?"

"आणखी."

"एवढा?"

"हं. एवढा."

ताईने आकडा बघितला. वाटी रिकामी करून पुन्हा भरायला लावली, पुन्हा बघितला. मग सगळे गोळे एकत्र काट्यावर ठेवले, उरलेली चिमूटही ठेवली, भांडं खरवडून तेही ठेवलं. बटरच्या कागदावर पेन्सिलने काहीतरी मांडलं.

"सव्वीस," ती म्हणाली. "पिठात सव्वीस जास्त आहेत आणि वाटीतही सव्वीस. साखरच आहे. बाकी सगळं बरोबर होतं, आई." मग पेन्सिल खाली ठेवून तिने विचारलं, "आता नाहीच ना जायचं?"

"बटर किती आहे?" मी विचारलं.

"संपलं."

मी चपला घातल्या. दुकान खालीच आहे, पण आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि त्या दिवशी मला तो जिना बघूनच रडू येत होतं. उतरताना मी कठडा धरून उतरले. बटर घेतलं. चढताना दुसऱ्या मजल्यावर पायरीवर बसले, बटरचं पुडकं मांडीवर. मला भीती वाटत होती. ती कमी झाली नव्हती, आजही झालेली नाही. फक्त एक गोष्ट त्या पायरीवर मला कळली, की ताईवर लक्ष ठेवायला मी डोळे फाडून जागी असते आणि तरीही मला जे दिसलं नाही ते तिने शोधून काढलं, मी झोपलेली असताना.

वर जाऊन मी बटर टेबलावर ठेवलं. "पुन्हा कर. मी जरा आडवी होते. ओव्हनला हात लावायचा नाही, ट्रे मी ठेवणार."

"तू बघायला बसणार नाहीस?"

"नाही."

पलंगावर पडले तेव्हा स्वयंपाकघरातून "शून्य!" ऐकू आलं. दुसरं "शून्य!" मी ऐकलं नाही.

जाग आली तेव्हा खोलीत अंधारून आलं होतं. क्षणभर कुठली वेळ आहे ते कळेना, आणि मग कळलं तशी मी ताडकन उठले. संध्याकाळचं टोचणं! तिची वेळ टळून गेली होती. वर्षभरात एकदाही चुकवली नव्हती मी. अनवाणी धावत सुटले ती दाराच्या चौकटीवर खांदा आपटून स्वयंपाकघरात पोचले.

दोघी टेबलाशी बसून चित्रं काढत होत्या.

"अगं, टोचायचं..."

"केलं," ताई मान वर न करता म्हणाली. "एकशे बारा. मग खाल्लं. मोजून. सुई पण घेतली."

"डोस दोनदा वाचला," मुंगीने साक्ष दिली. "मी पण वाचला. मला आकडे येतात."

मी सुईच्या डब्यात बघितलं, मशीनवरचा आकडा बघितला. एकशे बारा. सगळं जिथल्या तिथे होतं. मला उठवायला पाहिजे होतं, असं रागवायला तोंड उघडलं, पण ताईच आधी म्हणाली, "तू घोरत होतीस. खूप छान."

ओव्हन थंड होता. ट्रे फ्रिजमध्ये ठेवला होता, कारण बटरचं पीठ बाहेर राहिलं की मऊ पडतं, हे मी कधीतरी बोलून गेले होते. मी ट्रे काढला आणि मोजले. सहा रांगा, प्रत्येकीत चार. चोवीस. एक उचलून तळहातावर घेतला. माझा हात म्हणाला अठरा. काट्यावर ठेवायची गरज नव्हती, पण ठेवला, आणि मुंगीला "शून्य!" ओरडू दिलं.

ट्रेच्या कोपऱ्यात सगळ्यांपासून लांब आणखी एक गोळा होता. त्याच्यावर काट्याच्या चमच्याने रेघ ओढलेली.

"हा पंचविसावा कुठला?"

"तो मुंगीच्या पिठातला," ताई म्हणाली. "त्याचा हिशेब केलाय. दहा नाही, साडेदहा. बाकीचे फ्रिजमध्ये आहेत, ते तू उद्या बेकरीत ने. काकांना दे."

मी ओव्हन लावला. बिस्किटं भाजली जात होती तेव्हा बाईंना फोन केला. म्हटलं, "ताई येतेय."

"नक्की ना? मग आयत्या वेळी नाही म्हणू नका हं," बाई म्हणाल्या.

"नक्की. आणि काही अडलं तर आधी तिलाच विचारा. मला रात्री फोन केलात तरी चालेल, पण विचारा तिला."

बिस्किटं गार झाल्यावर ताईने चोवीस डब्यात रचली. थरांमध्ये कागद घातला. रेघेचं बिस्किट तिने वेगळ्या कागदात गुंडाळलं, वर पेन्सिलने साडेदहा लिहिलं आणि बॅगेच्या आतल्या कप्प्यात, सुईच्या डब्याशेजारी ठेवून चेन लावली.

मुंगी हे सगळं बघत होती. "हे पण वाटणार?"

"नाही," ताई म्हणाली. "हे शेवटच्या दिवशी. एकटीने खाणार."